मोडण्याआधीची तजवीज

शिक्रापूरच्या चौकात पुणे–नगर रस्ता सोडून तळेगाव ढमढेऱ्याकडे वळले, की हा मुलूख कशावर चालतो हे दुकानांच्या पाट्याच सांगू लागतात. ‘मोटार रिवाइंडिंग करून मिळेल’, ‘टायर रिमोल्ड’, ‘इंजिन रिबोअरिंग’, ‘सर्व प्रकारचे रिपेअरिंग’; पुढे ‘विमा रिन्युअल’ आणि ‘मोबाईल रिचार्ज’. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या बाजारपेठांमध्ये हीच नावे थोड्याफार फरकाने भेटतात. इंग्रजीतला हा ‘रि’ जळालेल्या मोटारीबरोबर आणि गुळगुळीत झालेल्या टायरबरोबर गावात आला आणि इथल्या बोलण्यात मुरला. ‘मोटार रिवाइंडिंगला टाकलीय’ असे शेतकरी म्हणतो तेव्हा त्यात त्याला काही परके वाटत नाही. पुन्हा गुंडाळणे, पुन्हा रबर चढवणे, पुन्हा छिद्र कातणे, पुन्हा मुदत वाढवणे. दुरुस्तीची एवढी रूपे एका रस्त्यावर आहेत. त्यांतले प्रत्येक काम जुन्यातले काहीतरी राखते आणि काहीतरी बदलते. काय राखले आणि राखणाऱ्याच्या पोटाची सोय कोणी केली, या दोन प्रश्नांपाशी दुरुस्तीची खरी गोष्ट सुरू होते.

रिवाइंडिंगचेच पाहावे. थ्री फेज पुरवठ्यातला एक फेज मध्येच जातो. चालती मोटार लगेच थांबत नाही. ती घुमत राहते, उरलेल्या दोन फेजांवर जास्त करंट ओढते, आतली वेटोळी तापतात आणि तारेवरचे आवरण करपते. विहिरीपाशी जळका वास येतो तोवर उशीर झालेला असतो. मोटार दुकानात आली की कारागीर आधी मोजदाद करतो. खाचा किती, एकेका खाचेत तारेचे फेरे किती, तार कोणत्या गेजची, जोडणी कशी, हे सगळे टिपून घेतल्याशिवाय तो जुन्या वाइंडिंगला हात लावत नाही. मग तांब्याची डोकी कापायची, तापवून तार ओढून काढायची, खाचा साफ करायच्या, त्यांत इन्सुलेशनचा कागद बसवायचा, नवे फेरे भरायचे, दोऱ्याने बांधायचे, तपासायचे आणि वार्निश देऊन वाळवायचे. बोअरमध्ये सोडायच्या, पोटात पाणी भरलेल्या सबमर्सिबल मोटारीला प्लास्टिकचे आवरण असलेली तार लागते. तिथे वार्निशचे काम नसते. जुने तांबे वजनावर जाते. बॉडी तीच राहते, शाफ्ट तोच राहतो आणि पोलादी पत्र्यांचा कोअरही तोच राहतो. जेवढे जळाले तेवढेच बदलले जाते.

या कामात कसब आहे आणि त्यातली चूक लगेच दिसत नाही. जुनी तार लवकर सुटावी म्हणून कोअर बेताबाहेर तापवला, तर त्याच्या पातळ पत्र्यांमधले इन्सुलेशन खराब होते. मोटार पुन्हा सुरू होते, पाणीही उपसते, पण पहिल्यापेक्षा जास्त वीज खाते आणि लवकर तापते. चांगला कारागीर तापमान जपतो, फेरे मोजून भरतो आणि तार एका नंबरनेही बारीक घेत नाही. रिमोल्डिंगलाही अशीच मर्यादा आहे. टायरचा आतला सांगाडा धड असेल तरच झिजलेला पृष्ठभाग खरवडून त्यावर नवे रबर चढवता येते. सांगाड्याला जखम असेल तर जाणता माणूस टायर परत करतो. रिबोअरिंगमध्ये सिलिंडरची झिजलेली आतली बाजू कातून छिद्र किंचित मोठे करतात आणि त्याला बसेल असा मोठा पिस्टन घालतात. असे किती वेळा करता येईल हे सिलिंडरच्या भिंतीची जाडी ठरवते. काय वाचेल आणि काय वाचणार नाही हे आधी ओळखणे, हाच या धंद्याचा पाया.

पण या सगळ्या कसबाला एक उणीव चिकटलेली आहे. कारागिराला पैसे मिळतात ते मोटार जळल्यावर. ती जळू नये म्हणून स्टार्टर तपासणे, फेज गेल्यावर मोटार आपोआप बंद करणारे उपकरण बसवणे, बेअरिंगचा आवाज ऐकून ते वेळेत बदलणे, या कामांसाठी त्याला बोलावणारा शेतकरी क्वचितच असतो. ऊस सुकायला लागला की सगळे एकदम येतात आणि रात्र जागून काम करवून घेतात.

एकेकाळी याच रस्त्यावर वेगळी रीत होती आणि तिची लेखी नोंद आहे. पुण्याहून येताना शिक्रापूरच्या अलीकडे लोणीकंद लागते. पेशवाई संपल्यानंतर लगेचच थॉमस कोट्स या इंग्रज डॉक्टराने या गावाचा बारकाईने अभ्यास केला. जमीन, घरे, अवजारे, कर्ज, बलुतेदार, सगळे त्याने लिहून काढले आणि त्याचा निबंध मुंबईच्या लिटररी सोसायटीने १८२३ साली छापला. भारतातल्या एकाच गावाच्या अशा तपशीलवार वर्णनांत तो फार आधीचा आहे. पुढे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी त्याच लोणीकंदाचा पुन्हा अभ्यास केला आणि सव्वाशे वर्षांत काय बदलले यावर १९६० मध्ये इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. या दोहोंच्या मध्ये, १९१५ साली, त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ आला. नगर–पुण्याकडचे गाव आतून कसे चालते हे समजून घ्यायचे तर आजही या पुस्तकाकडे जावे लागते.

या लिखाणातून गावातल्या दुरुस्तीची घडण कळते. सुताराने नांगर, पाभर, कुळव नीट ठेवायचे, लोहाराने फाळ शेवटून द्यायचा, चांभाराने मोट आणि वहाणा सांधायच्या. प्रत्येक वेळी पैसे मोजायचे नाहीत. सुगीला खळ्यावर त्याच्या वाट्याचे धान्य, म्हणजे बलुते, त्याला मिळायचे. फाळ एकदा बोथट झाला काय आणि चारदा झाला काय, लोहाराचे धान्य ठरलेले. त्यामुळे अवजार जास्त काळ टिकण्यात त्याचाही फायदा होता. कमी मोडले तर त्याचे श्रम वाचत. मोडण्याआधीच दुरुस्तीची तजवीज झालेली असे.

ही घडण जशीच्या तशी परत आणावी असे मात्र कोणी म्हणू नये. ती जातीने बांधलेली होती. लोहाराच्या मुलाला लोहारच व्हावे लागे आणि ज्यांच्याकडे गावाची सर्वांत कष्टाची कामे होती त्यांना मान नव्हता, पुरेसा मोबदलाही नव्हता. महार वतनाची ही वेठ मोडावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते. जन्माने लादलेले काम गेले हे फार चांगले झाले. पण त्याबरोबर एक शहाणपणही गेले, ते जातीशिवाय परत आणता आले असते: दुरुस्ती करणाऱ्याचा वाटा वर्षाच्या सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवणे.

त्या काळी दुरुस्तीला एकच सर्वसाधारण शब्द वापरून भागत नसे, कारण प्रत्येक वस्तूची मोडण्याची तऱ्हा निराळी आणि बरी होण्याचीही. मृगाच्या आधी घर शाकारायचे. जाते आणि पाटा-वरवंटा गुळगुळीत झाला की टाकी लावून घ्यायची. फाटलेल्या कपड्याला रफू, गळक्या भांड्याला डाग, धोतर-लुगड्याच्या जुनेऱ्यांची वाकळ. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करायची, कारण आंबट पदार्थ धातूशी लागून कळकतो. भांडे तापवून त्यात नवसागर टाकायचा, कथील फिरवायचे आणि कापसाच्या बोळ्याने ते आतून सारखे पसरवायचे. कथलाचा तो थर वापराने झिजणार हे घरातल्या बाईला ठाऊक असे, म्हणून कल्हईवाला गल्लीत आला की भांडी आपोआप बाहेर येत. या बहुतेक कामांना मोसम होता. पाऊस पडल्यावर कौले फिरवायला कोणी चढत नसे.

ठरल्या वेळी दुरुस्ती करण्याची ही शिस्त आज पाहायची तर दौंड जंक्शनवर थांबावे. फलाटाला लागलेल्या गाडीच्या डब्याच्या टोकाकडच्या बाजूवर बारीक अक्षरांत काही मजकूर रंगवलेला असतो: डब्याचे ओव्हरहॉल कोणत्या कारखान्यात झाले, कोणत्या तारखेला झाले आणि पुन्हा तिथे कधी जायचे. डबा मोडलेला नसतो. तरीही ठरलेल्या मुदतीला तो ओढून नेतात, चाके आणि ब्रेक उघडतात, झिजलेले बदलतात आणि नवी तारीख रंगवून परत पाठवतात. त्या डब्यातून प्रवास करणारी माणसे रोज त्या तारखेच्या भरवशावर बसलेली असतात.

गावेसुद्धा मोडतात. नोव्हेंबर १७५१ मध्ये हैदराबादच्या सलाबतजंगाची फौज सेनानी बुसीच्या फ्रेंच पलटणींसह पुण्याच्या रोखाने चालून आली तेव्हा रांजणगाव लुटले गेले आणि तळेगाव ढमढेरे उद्ध्वस्त झाले, अशी नोंद ग्रँट डफने आपल्या मराठ्यांच्या इतिहासात केली आहे. तरी तळेगाव आज आहे, नांदते आहे. लढाईने किंवा दुष्काळाने उजाड झालेली गावे पुन्हा वसवण्याची मराठेशाहीत एक रीत होती. रयतेला कौल दिला जाई. पहिल्या वर्षी सारा अगदी थोडा, मग दरवर्षी थोडा थोडा वाढवत काही वर्षांनी पूर्ण. याला इस्तावा म्हणत. पळून गेलेली माणसे परत यावीत, मोडलेली घरे त्यांनी उभी करावीत आणि पडीक जमीन वहितीला आणावी, यासाठी लागणारा वेळ सरकार आपल्या उत्पन्नातून देत असे. उद्ध्वस्त गाव एका हुकमाने उभे राहत नाही, हे त्या कारभाऱ्यांना कळत होते.

देवळांच्या बाबतीतही हेच दिसते. दिवाबत्ती, पूजा आणि डागडुजी चालावी म्हणून देवस्थानांना इनाम जमिनी होत्या. अहिल्याबाई होळकरांनी काशी विश्वनाथाचे मंदिर १७८० मध्ये उभारले, देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या; त्यासाठी आपले खासगी उत्पन्न लावले. त्यांच्या कामाची थोरवी सांगताना बांधकामांची यादी दिली जाते. त्या यादीमागे वर्षानुवर्षे पैसा पुरवणारी व्यवस्था होती, हेही तितक्याच अगत्याने सांगायला हवे.

आज गावोगावी ‘जीर्णोद्धार’ होतो आहे आणि त्यात गावकऱ्यांची भक्ती खरी आहे. मुंबई-पुण्याला गेलेली मुले वर्गणी पाठवतात, म्हाताऱ्या बायका साठवलेले पैसे देतात. पण पुष्कळदा होते असे की काळ्या दगडाचे जुने देऊळ पाडून त्या जागी सिमेंटचे नवे उभे राहते, किंवा दगडावर ऑइल पेंट चढतो, गाभाऱ्यात गुळगुळीत फरशी बसते आणि सांध्यांत सिमेंट भरले जाते. यातून नुकसान कसे होते याचे कारण साधे आहे. जुन्या बांधकामातला चुना ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो. सिमेंट आणि तेलाचा रंग ती वाट बंद करतात. मग ओल दगडात किंवा विटेत अडकते, तिच्याबरोबर क्षार वर येतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. चुना मऊ असतो म्हणून झीज स्वतःवर घेतो. तो काही वर्षांनी खरवडून पुन्हा भरता येतो. सिमेंट कडक असते म्हणून झीज शेजारच्या दगडावर ढकलते. चुना मुरवणारी, घाणीत मळणारी, त्यात गूळ, बेलफळ, हिरडा किती घालायचा हे जाणणारी माणसे अजून आहेत. त्यांना कामच मिळाले नाही तर पुढच्या पिढीत ती नसतील.

दुरुस्तीच्या नावाखाली होणाऱ्या हानीचा वाद जुना आहे. फ्रान्समध्ये व्हायोले-ल-द्यूक यांनी पॅरिसच्या नोत्र दामसारख्या इमारती दुरुस्त करताना इमारत पूर्ण, एकसंध दिसावी असा आग्रह धरला, मग ती तशी पूर्वी कधी नसली तरी चालेल. इंग्लंडमध्ये जॉन रस्किन यांनी १८४९ मध्ये अशा पुनर्रचनेवर कडाडून टीका केली, आणि विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये जुन्या इमारती वाचवण्यासाठी संस्था काढली. त्यांचे सांगणे थोडक्यात असे होते की रोजची निगा राखा, म्हणजे पुन्हा उभारण्याची वेळच येणार नाही.

महाराष्ट्राला याचा फार मोठा धडा अजिंठ्यात मिळाला. निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात लोरेंझो चेक्कोनी आणि त्यांचे सहकारी ऑर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना बोलावून चित्रांचे संरक्षण करवून घेतले. सुटणारे पापुद्रे त्यांनी पुन्हा चिकटवले आणि त्यामुळे पुष्कळ चित्रे वाचली. पण चित्रांवर दिलेला लाखेचा थर काळाबरोबर पिवळा-तपकिरी झाला आणि खालचे रंग झाकोळले. पुढे तो थर फार हळूहळू काढण्याचे काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना करावे लागले. हेतू चांगला होता, माणसे जाणती होती. तरीही जे परत काढता येईल तेवढेच चढवावे हा नियम किती मोलाचा आहे, हे त्या पिवळ्या थराने शिकवले.

चांगले उदाहरणही जवळचेच आहे. भायखळ्याचे वस्तुसंग्रहालय १८७२ मध्ये लोकांसाठी खुले झाले आणि १९७५ मध्ये त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव मिळाले. पुढे इमारत फार खालावली. २००३ मध्ये मुंबई महानगरपालिका, वारसा जपणारी इंटॅक ही संस्था आणि जमनालाल बजाज फाउंडेशन यांच्यात करार झाला, संवर्धनाचे काम झाले आणि २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक विभागाचा सर्वोच्च वारसा पुरस्कार इमारतीला मिळाला. २००८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडले. या कामाची सर्वांत महत्त्वाची बाजू म्हणजे काम आटोपल्यावरही निगा चालू राहावी म्हणून संग्रहालय विश्वस्त मंडळाकडे सोपवले गेले. इमारत बरी झाली, आणि ती बरी ठेवणारे हातही नेमले गेले.

तळेगावच्या उत्तरेला, शिरूर तालुक्यातच, पाबळ आहे. तिथे १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात अन्नतंत्रज्ञानात डॉक्टरेट, म्हैसूरची राष्ट्रीय प्रयोगशाळा, मग हिंदुस्तान लिव्हरची संशोधनशाळा. हे सगळे सोडून ते पत्नीसह या दुष्काळी गावात राहायला आले. ज्यांना शाळेने नापास ठरवले अशा मुलांना त्यांनी वेल्डिंग, सुतारकाम, वीजजोडणी, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया, आरोग्य हे सगळे हाताने काम करता करता शिकवले. वर्षभराच्या या शिक्षणाला पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची मान्यता मिळाली. आश्रमाने आसपासच्या माध्यमिक शाळांतही ‘मूलभूत तंत्रज्ञान’ हा विषय नेला. त्यात मुले गावातली खरी कामे करतात आणि त्याचे रीतसर पैसे घेतात. अमेरिकेतल्या एमआयटीचे नील गर्शेनफेल्ड यांची फॅब लॅबची, म्हणजे कोणालाही स्वतः वस्तू घडवता येईल अशा प्रयोगशाळेची, कल्पना २००२ मध्ये पाबळला पोचली. एमआयटीबाहेरच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगशाळांपैकी ही एक. कलबाग २००३ मध्ये गेले. आश्रम चालू आहे.

कलबागांचे काम बलुत्याच्या जुन्या रीतीला दिलेले सर्वांत सुंदर उत्तर आहे. हातातले कसब जातीकडून काढून शाळेकडे दिले तर ते कोणाच्याही मुलाला, मुलीलाही, मिळू शकते. फाळ शेवटणे आणि वायरिंग करणे यांत कमीपणा नाही, हे तिथून शिकून गेलेल्या मुलांनी आपापल्या गावात वर्कशॉप घालून दाखवले आहे.

याच तालुक्यात रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या कारखान्यांतून फ्रीज, वॉशिंग मशीन आणि मोटारी बाहेर पडतात. नव्या वस्तूंतल्या पुष्कळशा आता उघडता येत नाहीत. कवच चिकटवलेले, बॅटरी आत बंद, एक सुटा भाग हवा तर पूर्ण संचच घ्यावा लागतो, सर्किटचा नकाशा बाजारात मिळत नाही. तळेगावचा रिवाइंडर जुनी मोटार खाचा मोजून समजून घेऊ शकतो. सील केलेल्या सर्किट बोर्डापुढे त्याचे कसब थांबते. म्हणून दुरुस्तीच्या हक्काचा प्रश्न शहरी छंदाचा नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये यासाठी समिती नेमली. तिने निवडलेल्या चार क्षेत्रांत मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू, घरगुती उपकरणे आणि वाहने यांच्याबरोबर शेतीची अवजारेही आहेत. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘राइट टू रिपेअर’ हे पोर्टल सुरू झाले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये त्यासाठी निर्देशच काढले. कंपन्यांनी सुटे भाग, माहितीपुस्तिका आणि अवजारे स्वतंत्र कारागिरालाही द्यावीत, हा या मागणीचा गाभा. ट्रॅक्टर बिघडला की दूरच्या सर्व्हिस सेंटरची वाट पाहण्यात पेरणीचे दिवस जातात, हे शिरूरच्या शेतकऱ्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

ग्रामपंचायती दरवर्षी विकास आराखडा करतात. त्यात नवा रस्ता असतो, नवी टाकी असते, नवी इमारत असते. जुनी टाकी साफ ठेवणे, शाळेचे छप्पर मृगाआधी पाहणे, पाणीपुरवठ्याच्या मोटारीचे बेअरिंग वेळेत बदलणे, देवळाच्या दरजा चुन्याने भरणे, यासाठी त्या आराखड्यात दरवर्षी एक ओळ असावी आणि ती कधीही वगळू नये. ती कामे गावातल्याच, शिकून तयार झालेल्या मुलामुलींना वर्षाच्या कराराने द्यावीत, म्हणजे वस्तू चालू राहण्यात त्यांचे पोट भरेल. पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा ही एक ओळ मागा. देवळाच्या जीर्णोद्धाराची बैठक असेल तर पाडण्याचा ठराव होण्याआधी चुन्याचे काम जाणणाऱ्या एका माणसाला बोलवा. आणि मोटार नीट चालू असेल तरी पावसाळ्याआधी एकदा रिवाइंडिंगवाल्याला विहिरीवर घेऊन जा, आणि त्या फेरीचे पैसे त्याला द्या.